डोहातलं पापलेट

"गिरगावला चौपाटी आहे, जुहूला आहे, मग बदलापूरलाच का नसावी? येत्या दोन वर्षांत अख्खा ठाणे जिल्हा उल्हास नदीच्या काठावर भेळ खायला येईल, हे मी आज इथे कोरून ठेवतो!" असं विष्णुपंत म्हणाले आणि कोरून ठेवण्यासाठी त्यांनी हातातली काठी जमिनीत जोरात रोवली. जमीन म्हणजे नदीकाठचा गाळ होता. काठी मुठीपर्यंत आत गेली. तिच्यामागोमाग विष्णुपंतही कमरेत वाकले, ते चामटोलीच्या मासेमार धोंडिबाने काखेत हात घालून वर ओढेपर्यंत तसेच राहिले. समितीच्या लोकांना वाटलं, पंत भूमीला वंदन करताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

विष्णुपंत अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना नदीला काय द्यायचं ते त्यांनी देऊन टाकलं होतं. आता हेंद्रेपाड्यात राहून नदीकडून काय घेता येईल ते पाहण्यासाठी त्यांनी नदीकाठ विकास समिती काढली होती. माणूस सज्जन, शुद्ध शाकाहारी. मासळीची पाटी शेजारून गेली तरी खिशातला रुमाल आपोआप नाकाशी येई.

काठी उपसून झाल्यावर चहा आला. समितीला कपबश्या, धोंडिबाला कागदी कप.

"स्वच्छतेच्या दृष्टीने," पंत म्हणाले.

बाकी सगळ्यांची स्वच्छता कपबशीत मावत होती. धोंडिबाच्या एकट्याच्या स्वच्छतेला कागद लागे. कप गरम होऊन मऊ पडायच्या आत चहा संपवायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं.

"धोंडिबा, येत्या रविवारी मुंबईहून निधीवाले साहेब येताहेत," पंत म्हणाले. "त्यांच्यासमोर तू डोहात पाग टाकायचा. जाळं वर आलं पाहिजे, मासे फडफडले पाहिजेत, फोटो निघाला पाहिजे. साहेब खूष झाले की चौपाटी आपली. आणि चौपाटीवरचा पहिला गाळा तुझ्या अंजनाबाईचा. शब्द देतो."

धोंडिबाने रिकाम्या कपाची घडी घातली. "रविवारी नाय जमणार, पंतसाहेब. होळी झाली. आता डोहात जाळं नाय पडत."

"का?"

"मासळी माहेरी आलीया."

पंतांनी समितीकडे बघितलं. समितीने नदीकडे बघितलं.

चामटोलीच्या अंगाला नदी एका कातळाला वळसा घालते, तिथे हा डोह. होळीनंतर नदी आटत जाते, जागोजाग गुडघाभर उरते आणि जी काही मासळी जिवंत असते ती सगळी डोहात गोळा होते. मरळ, शिंगाळी, वाम, खवली, सगळ्या. धोंडिबाचा बाप म्हणायचा, पोरी माहेरी आल्यात, चार दिस निवांत राहू द्या. पावसाचं पाणी नदीत स्थिरावेपर्यंत डोहाला जाळं लावायचं नाही, गळ टाकायचा नाही, कपडे सुद्धा खालच्या अंगाला धुवायचे. बाप गेला, कायदा राहिला. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडायची पळवाटही कुणाला सापडली नव्हती.

"बघ बुवा," पंत म्हणाले, "गाळ्याला खूप लोक विचारताहेत."

अंजना त्या दिवशी दुपारी घरी आली ती भिंतीला धरूनच. पाटी उतरवून ती ओट्यावर बसली आणि तिने दोन्ही पाय सरळ पुढे टाकले. गुडघे टम्म फुगले होते. सून माया तेलाची वाटी घेऊन आली.

"लिफ्टमधी नाय घेतलं पुन्हा?" मायाने विचारलं.

"वॉचमन बोल्ला, वास येतो. जिन्यानं जा. चौथ्या माळ्यावर चढले तं बाय बोल्ली, आज आमचा उपास. आगं, मंग बोलवलंस कशाला?" अंजनाने पदराने तोंड पुसलं. "पापलेट तसंच राह्यलं. बर्फात टाक."

होळीनंतर डोह बंद, म्हणून चैत्र-वैशाखात अंजना उल्हासनगरच्या बाजारातून बर्फातली मासळी आणून विकायची. नवऱ्याच्या मासळीला माहेरपण मिळावं म्हणून तिच्या गुडघ्यांना सासुरवास होता.

गाळ्याची बातमी धोंडिबाने जेवताना, भात कालवता कालवता सांगितली. आपण नाही म्हणून आलो, हेही त्याच सुरात सांगितलं. अंजनाचा हात ताटातच थांबला.

"गाळा म्हणजे वर पत्रा आसंल?"

"आसंल."

"आन् बसाय?"

"स्टूल-बिल देतील."

"बसून धंदा," अंजना म्हणाली. ते तिने अशा आवाजात म्हटलं, की मायाने वळून बघितलं. "तीस वरसं उभ्यानं मासळी विकली. बसून विकायची भेटत होती, तं तुमी नाय बोल्ले?"

"आगं, डोहात..."

"मासळीच्या माहेरपणाची लय काळजी तुमाला. मला कवा पाठवलं दोन दिस माहेरी? आँ? माझा बाप मेला तवा गेले ती शेवटची."

धोंडिबाचा मुलगा प्रमोद अंबरनाथला नटबोल्टच्या कारखान्यात होता. त्याने भांडण थंड करायचा प्रयत्न केला. "बाबा, टेन्शन घेऊ नका. एकच टाईम जाळं मारायचं. मासळीला काय कळतंय, होळी झाली का दिवाळी झाली?"

"तिला नाय कळत," धोंडिबा म्हणाला. "मला कळतंय ना."

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर पाग पसरून बसला. पाग हे फेकायचं गोल जाळं. कडेला शिशाचे मणी, मध्ये दोरी. हातांना काम दिलं की डोकं चालतं असा त्याचा अनुभव होता. फाटका फास शोधता शोधता त्याची बोटं बापाच्या जुन्या पागात गेली. चारही बोटं आरपार. पूर्वी नदीत हातभर खवली मिळायच्या, त्या काळातलं ते जाळं. आताची मासळी त्यातून ये-जा करील आणि जाताना नमस्कारही घालील.

धोंडिबाचा चेहरा हळूहळू उजळला.

"अवो, हसता काय?" अंजनाने विचारलं.

"मासळी बाजारातनं आणायची. रोहू, कटला, नदीवाणी दिसंल आसं काय तरी. ह्या जाळ्याच्या घडीत ठेवायची. जाळं टाकायचं, जाळं ओढायचं. जाळ्यातली जाळ्यात ऱ्हातील, डोहातली डोहात ऱ्हातील. माहेर बी मोडत नाय, गाळा बी जात नाय."

अंजनाने त्याच्याकडे नवीन लग्न झाल्यासारखं बघितलं. माया मात्र म्हणाली, "मामा, पंचशीलात खोटं बोलू नये आसं हाय."

"मी कुठं बोलणार हाय?" धोंडिबा म्हणाला. "मी नुसतं जाळं टाकणार."

रविवारी पहाटे अंजना पिशवी घेऊन स्टेशनवर गेली आणि तशीच परत आली. मेगाब्लॉक होता. गाडी नाही, बाजार नाही, रोहू नाही, कटला नाही. घरात बर्फाच्या पेटीत उपासवाल्या बाईने परत केलेलं पापलेट तेवढं होतं. चांगलं तळहाताएवढं, चपटं, रुपेरी.

"हे?" धोंडिबाने ते उलटंपालटं करून पाहिलं. नदीतला माणूस; समुद्राच्या माशाशी त्याची ओळख बायकोच्या पाटीतलीच. मग त्याने असा निष्कर्ष काढला, जो फक्त नदीवर जन्म काढलेला माणूसच काढू शकतो. "चालंल. मुंबईच्या माणसाला कुठला मासा कळतोय? मासा दिसला म्हणजे झालं."

मुंबईच्या माणसाला मरळ कळली नसती, शिंगाळी कळली नसती, वाम बघून तो साप म्हणून पळाला असता. पण जगात एकच मासा असा आहे, जो मुंबईच्या माणसाला अंधारातही ओळखता येतो. तो धोंडिबाने घडीत ठेवला.

डोहावर मंडप होता, खुर्च्या होत्या, जयंतीसाठी आणलेला लाउडस्पीकर होता. साहेब आले. जाड, झोपाळू, गेल्या तीन कार्यक्रमांचे हार गाडीत ठेवून आलेले. पंतांनी अर्धा तास भाषण केलं, त्यातला बराच वेळ साहेबांचे डोळे मिटलेले होते.

मग धोंडिबा कंबरभर पाण्यात उतरला. पाय कातळावर घट्ट रोवले, दोरी डाव्या मनगटाला गुंडाळली, एक कड दातात धरली. साठीच्या माणसाच्या पाठीवर पंचविशीतले स्नायू उमटले. कंबर वळली आणि पाग हवेत गोल उघडला. क्षणभर खुर्च्यांवरची माणसंही उठून उभी राहिली. जाळं पाण्यावर पडलं, शिसं बुडालं. पाण्याखालून काहीतरी मोठं, गुळगुळीत पोटरीला घासून गेलं. धोंडिबा मनात म्हणाला, जा बाय, तुझ्यासाठी नाय हे. त्याने दोरी ओढली.

पापलेट वर आलं. उन्हात असं चमकलं की फोटोवाल्याने डोळे मिटले.

"वा!" पंत रुमालाआडून म्हणाले. "बघा साहेब, नदीची दौलत!"

साहेब उठले. काठापर्यंत आले. त्यांची झोप साफ उडाली होती.

"हे पापलेट आहे," ते म्हणाले.

पंतांनी साहेबांच्या कानाशी लागून विचारलं, "पापलेट म्हणजे... चांगलं ना?"

"चांगलं? अहो, पापलेट समुद्रात असतं!"

लाउडस्पीकर तेवढा शिट्टी घालत होता. धोंडिबा पाण्यात उभा, हातात जाळं, जाळ्यात पापलेट. आता कुठे बघावं हे तिघांनाही कळेना. पण विष्णुपंत मोठ्या हुद्द्यावरून उगाच निवृत्त झाले नव्हते.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "समुद्र इथपर्यंत आलाय!"

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पापलेटकडे. मग घड्याळाकडे, जेवायची वेळ झाली होती. "तसं कल्याणपर्यंत भरतीचं पाणी चढतंच," ते म्हणाले. "थोडं पुढे आलं तर आपण कोण अडवणार? आणि खरं सांगू का पंत, नदीला आमच्याकडे निधी नाही. किनाऱ्याला आहे. भरपूर आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुरावा मायाने आलं-लसूण लावून तव्यावर टाकला आणि साहेबांनी तो काट्यापर्यंत तपासला.

पुढच्या रविवारपासून माणसं यायला लागली. बदलापूरला समुद्र आला ही बातमी अंबरनाथला स्कूटरवरून गेली आणि उल्हासनगरला टेम्पोतून. प्रमोदने रजा टाकली. उल्हासनगरच्या कॅम्पातून मोठा तवा आणि लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "ले जाओ साईं, समंदर देखने हम भी आएगा." गाळ्याचा अजून पत्ता नव्हता, म्हणून डोहाच्या वरच्या अंगाला चार बांबूंवर ताडपत्री टाकली. खाली स्टूल ठेवलं. अंजना त्यावर बसली.

बसली, आणि उठेना. हातपाय न हलवता नुसती बसून राहिली, देवळात बसावं तशी. मग तिने पदर खोचला, तव्यावर तेल सोडलं आणि "या हो, या, गरम गरम!" अशी हाळी दिली, ती पलीकडच्या तीराला ऐकू गेली. उभ्याने ओरडताना तिचा आवाज कधी एवढा लागला नव्हता.

दुकानदार खरंच आला, कुटुंब घेऊन, दोन रिक्षांतून.

"समंदर किधर है?" त्याने विचारलं.

"अभी ओहोटी है, अंकल," प्रमोद म्हणाला. "शाम को आएगा. तब तक बांगडा खाओ."

संध्याकाळी हात धुता धुता दुकानदाराने पुन्हा विचारलं, "आया क्या?"

"आके गया, अंकल. आप खा रहे थे."

"अरे!" दुकानदार हळहळला. "अगली बार जल्दी आएगा."

अशी धमाल. फुगेवाला आला, घोडा आला, भेळवाले तिघे आले आणि पहिल्याच दिवशी जागेवरून भांडले. धोंडिबा डोहाच्या काठी काठी घेऊन बसे, गळ टाकणाऱ्याला उठवी, बाटली फेकणाऱ्याला ती उचलायला लावी. घसा बसला, पण डोह राहिला. संध्याकाळी पाण्याच्या वर एखादी मरळ उसळली की लोक ओरडत, "डॉल्फिन! डॉल्फिन!" आणि तो मान हलवी.

विष्णुपंत रोज पाहणीला येत. पहिल्या दिवशी ते तव्यापासून वीस हातांवर उभे राहिले, रुमाल नाकाला. दुसऱ्या आठवड्यात दहा हातांवर, रुमाल हनुवटीला. "वाऱ्याची दिशा बघतोय," ते म्हणाले. वारा कुठूनही आला तरी तव्याचा वास जिकडे जाई तिकडेच ते सापडत.

मग पोकलेन आलं.

डोहाच्या खालच्या अंगाला एक इमारत उठत होती. सव्वीस जुलैच्या पुरात जिथे दोन पुरुष पाणी होतं, नेमक्या त्याच जागी. पाटी होती "नदीतीर". ती रातोरात बदलून "सागरदर्शन" झाली होती आणि दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विष्णुपंतांनी स्वतःसाठी धरला होता. बिल्डरने स्वखर्चाने डोह खोल करायचा, कातळ फोडायचा, सिमेंटच्या पायऱ्या करायच्या, बोटी सोडायच्या, असं ठरलं होतं. पिवळं, चिखलाने माखलेलं यंत्र उतारावरून गुरगुरत खाली आलं आणि पाण्यापासून दोन पावलांवर मान वाकवून उभं राहिलं. काम सोमवारी सुरू होणार.

धोंडिबा धावत ताडपत्रीखाली आला. "माहेरात मशीन घालतायत!"

अंजनाने स्टुलावरून मान वळवून बघितलं. तव्यावर बांगडा करपत होता. तिने पहिल्यांदाच तो करपू दिला.

"गाळा बी तितंच बांधणार हायेत ना?" तिने विचारलं.

"पायऱ्यांच्या वर. पक्का. तुला नंबर एक दिलाय."

ती गुडघ्यावरून हात फिरवत राहिली.

सोमवारी पोकलेन सुरू व्हायच्या आधी किनारा खात्याची जीप आली. त्यातून ऋता नावाची तरुण अधिकारी उतरली. पायात गमबूट. तिने डोहाचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकलं नाही.

"गोडं आहे," ती म्हणाली.

"आत्ता ओहोटी आहे," पंत म्हणाले.

"साहेबांनी इथे पापलेट पाहिल्याचा अहवाल दिलाय. साहेबांनी पाहिलंय म्हटल्यावर मी नाही म्हणू शकत नाही. त्यांनी तर खाल्लंयसुद्धा." ती हसली नाही. "त्यामुळे हा किनारा धरून मी आजपासून नियम लावणार. भरतीरेषेच्या आत बांधकाम बंद. ते यंत्र बंद. ती इमारत बंद. टपऱ्या, ताडपत्र्या, सगळं उठवायचं."

पंतांचा रुमाल हातातून पडला. "पण निधी?"

"निधी किनाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. किनाऱ्यावर काही होऊ नये म्हणून तो खर्च करायचा असतो."

"आणि समजा... हा किनारा नसला तर?"

"मग आमचा काही संबंध नाही. निधी नाही, बंदीही नाही. पण ज्याने मासा धरला त्याने माझ्यासमोर सांगायला हवं, की तो इथला नव्हता. उद्या सकाळी जबाब घेते."

संध्याकाळी विष्णुपंत चामटोलीला धोंडिबाच्या ओट्यावर आले. आयुष्यात पहिल्यांदा. मायाने चहा आणला, स्टॉलवरच्या कागदी कपात.

"स्वच्छतेच्या दृष्टीने," ती म्हणाली.

पंतांनी कप घेतला. मऊ पडायच्या आत संपवायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटचा घोट धोतरावर सांडला.

"धोंडिबा," ते म्हणाले, "तुम्ही नुसतं खरं सांगा."

'तू' चा 'तुम्ही' झालेला सगळ्यांनी ऐकला.

"खरं म्हणजे कसलं?"

"ते पापलेट बाजारातलं होतं ना? मला आधीपासूनच शंका होती."

"आधीपासून म्हणजे कवापासून?" अंजनाने दारातून विचारलं. "टाळ्या वाजवल्या तवापासून?"

पंत गेल्यावर घरात वाद पेटला.

"मी नाय सांगत," धोंडिबा म्हणाला. "समुद्र हाय म्हंजे हाय. मशीन बंद, डोह सुटला."

"आन् आईचं दुकान?" प्रमोद म्हणाला. "ताडपत्री पण उठणार, बाबा. आई परत चार माळे चढणार काय?"

"जबाब म्हंजे तोंडानं बोलावं लागतंय, मामा," माया म्हणाली. "आता जाळ्यावर ढकलता येणार नाय."

धोंडिबाने डोकं खाजवलं. खरं बोललं तर डोह जातो. खोटं बोललं तर बायको पुन्हा जिन्यावर. त्याने अंजनाकडे बघितलं. अंजना तेल चोळत होती, स्वतःच.

"जबाब मी देते," ती म्हणाली. "मासा माझ्या पाटीतला व्हता. तुमी नुसते हमाल."

सकाळी डोहावर अर्धा गाव आणि पाऊण हेंद्रेपाडा जमला. लाउडस्पीकर पुन्हा लागला होता, कारण गर्दी म्हटली की तो लागतोच. पोकलेनचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच बसला होता. हुकूम कधीही येईल. ऋता मॅडम खुर्चीवर, समोर अंजना आपल्या स्टुलावर. स्टूल तिने घरूनच येताना बरोबर आणलं होतं. जप्त व्हायला नको म्हणून.

"मावशी, तो मासा या डोहातला होता का?"

"आठवाय लागंल, बाय."

"आठवा, आठवा!" पंत मागून म्हणाले.

"ह्या घरघरीत काय आठवतंय?"

पंतांनी हात केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"आता?" ऋता मॅडमने विचारलं.

अंजनाने पोकलेनकडे बघितलं. मान वाकवून ते पाण्यावर उभं होतं. "ते डोळ्यासमोर हाय तवर नाय आठवत. पहिल्यापास्नं पिवळा रंग माझ्या डोक्यात जातो."

गर्दीत खसखस पिकली. पंत चटकन तिच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अंजनाबाई, हे काय चाललंय?"

"काय नाय. आठवतेय." तीही खालच्या आवाजात म्हणाली, पण समोर माईक होता आणि तो चालू होता. "मशीन चढावर गेलं तं थोडं आठवंल. परत डोहात उतरणार नाय आसं कळलं तं सगळंच आठवंल. नायतर पंतसाहेब, मला आपला समुद्रच दिसतो. ह्या बघा लाटा."

डोहात एक मरळ उसळली. लोक ओरडले. धोंडिबाने कपाळावरचा घाम पुसला. बायकोला त्याने तीस वर्षांत पहिल्यांदा भाव करताना पाहिलं होतं. गिऱ्हाईक भारी होतं.

पंतांनी दुसऱ्या मजल्याकडे बघितलं. तो अजून फक्त सळ्यांचा होता, पण त्यांना तिथे गॅलरी दिसत होती, गॅलरीत झोपाळा दिसत होता. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. इंजिन घरघरलं, पट्टे फिरले, यंत्र मागे मागे सरत, चिखल उडवत उताराच्या वर गेलं. चढताना एकदा घसरलं, तेव्हा प्रमोदसकट दहा-बारा पोरांनी "हेऽऽ हो!" करून, गरज नसताना, हात लावले. एवढ्या आनंदाने पोकलेन कुणी घालवलं नसेल.

"आता जरा जरा आठवतंय," अंजना म्हणाली. "बाकीचं पंतसाहेब बोल्ले की आठवंल. माईकवर."

विष्णुपंतांनी माईक हातात घेतला. घोषणा करायची म्हटल्यावर त्यांच्यात आपोआप बळ आलं. "बंधूंनो आणि भगिनींनो! निसर्ग आणि विकास ही एकाच रथाची दोन चाकं..."

"माहेराचं बोला," धोंडिबा म्हणाला.

"...या डोहाला यंत्र लागणार नाही. पायऱ्या वरच्या अंगाला, कातळ न फोडता. होळी ते पाऊस, इथे जाळं नाही, गळ नाही, बोट नाही. मासळीचं हे माहेर..." ते अडखळले, मग अधिकच जोरात म्हणाले, "...हे माहेर जपण्याची कल्पना माझ्या मनात फार पूर्वीपासून होती!"

टाळ्या. अंजना ऋता मॅडमकडे वळली.

"बाय, पापलेट बाजारातलं. मेगाब्लॉक होता म्हणून. ह्यांनी घडीत ठेवलं, माहेर मोडू नये म्हणून. समुद्र-बिमुद्र काय नाय. नदी हाय." ती थोडं थांबली. "आमाला तेवढी पुरंल."

ऋता मॅडमने लिहून घेतलं. आता ती हसली. "साहेबांना काय सांगू?"

"सांगा, ओहोटी लागली," प्रमोद म्हणाला.

जीप गेली. किनारा गेला, निधी गेला, बंदी गेली. बदलापूरचा समुद्र सव्वा महिना टिकून आटला. पण गर्दीला ते कुणी सांगितलं नाही. तीन भेळवाले भांडत राहिले, घोडा फिरत राहिला आणि उन्हं कलली तशी माणसं ताडपत्रीकडे वळली. अंजनाने स्टूल पुन्हा जागेवर ठेवलं, बूड टेकलं, पाय लांब केले. त्या दिवशी तिने तव्याबरोबर कालवणाचं पातेलंही चढवलं होतं. आमसूल, तिरफळ, नारळ. वास डोहावरून पलीकडे गेला.

धोंडिबा पाण्याशी बसला होता. पोकलेनच्या पट्ट्यांचे खड्डे काठावर राहिले होते आणि त्यांत डोहाचं पाणी शिरून बोटाएवढी पिल्लं अडकली होती. तो ती ओंजळीने उचलून डोहात सोडत होता.

अंधार पडायला लागल्यावर, गर्दी पांगल्यावर विष्णुपंत आले. वीस हातांवर थांबले नाहीत, दहावर थांबले नाहीत. लाल खुर्ची ओढून थेट पातेल्याशेजारी बसले. रुमाल खिशातच होता. एकदा सागरदर्शनकडे बघितलं, एकदा मागे, कुणी हेंद्रेपाड्यातलं आहे का ते.

"अंजनाबाई," ते हळूच म्हणाले, "नुसता रस्सा मिळेल का? मासा नको हं. मी खात नाही."

अंजनाने कागदी वाट्यांच्या चळतीकडे हात नेला.

"आणि तेवढी कागदी वाटी नको," पंत म्हणाले. "झिरपते."